ढब्बूचा आवाज

अध्यक्षबाईंनी अंगातला कोट काढून कॅमेरामनच्या खांद्यावर टाकला, बूट भिंतीशी सरकवले आणि त्या चक्क टेबलाखाली शिरल्या.

"मॅडम, अहो, गुडघे!" फ्लोअर मॅनेजर कळवळला.

"गुडघे माझे आहेत. तू घड्याळ बघ."

चार मिनिटं उरली होती. साडेतीनला 'ढब्बूची दुपार' थेट सुरू व्हायची होती. ढब्बू म्हणजे हिरव्या कापडाचा, भल्यामोठ्या जबड्याचा पाणघोडा. मुलं फोन करून त्याला मनात येईल ते विचारत. त्याला नाचवणारा बाहुलीकार, तीन मुलांचा धिप्पाड बाप, टेबलाखाली अंग चोरून बसला होता खरा, पण सकाळपासून त्याचा घसा असा बसला होता की साधं 'हो' म्हणायलाही मान हलवावी लागत होती. जुना भाग लावून वेळ मारून न्यावी, असं सगळ्यांचं मत पडलं होतं. बाई तिसऱ्या मजल्यावर आल्या होत्या त्या फक्त निरोपाचा चहा घ्यायला. परवा कंपनी नव्या मालकांच्या हवाली करून त्या मोकळ्या होणार होत्या. चहा कपातच राहिला.

"तुम्ही हात सांभाळा," त्या बाहुलीकाराला म्हणाल्या, "आवाज मी काढते."

त्याचे डोळे विस्फारले. बाईंना हसू आलं. पस्तीस वर्षांपूर्वी याच पाणघोड्याच्या पोटात त्यांचा हात असायचा, हे त्याला कुठून माहीत असणार?

तेव्हा वाहिनी म्हणजे गोदामातला एक स्टुडिओ, दोन कॅमेरे आणि गळकं छप्पर. दोघी बहिणी तिथं कामाला लागल्या. थोरली आवाज द्यायची, धाकटी हात हलवायची. ढब्बूनं लोकांना वेड लावलं. त्याच्या मागोमाग जाहिराती आल्या, आणि जाहिरातदाराला खुर्चीत बसवून हसत हसत गुंडाळायची कला धाकटीच्या अंगात निघाली. बघता बघता ती कार्यक्रमप्रमुख झाली, मग भागीदार, मग मालकीण. एका वाहिनीच्या सहा झाल्या. सात मजली काचेची इमारत उभी राहिली, समुद्राकडे तोंड केलेलं घर झालं. श्रीमंतांच्या यादीत दरवर्षी फोटो येऊ लागला, तोही जुनाच, कारण नवा काढून घ्यायला बाईंना सवड नसे.

थोरली मात्र ढब्बूपाशीच राहिली. भागीदारीचे कागद पुढे केले तेव्हा म्हणाली, "ते ठेव तुझ्याकडे. मला माझा ढब्बू पुरे." आणि बारा वर्षांपूर्वी, प्रेक्षक घटले म्हणून, धाकटीनं तोच बंद केला. त्या दिवशी ताई काही बोलली नाही. नंतरही बोलली नाही. नातलगांच्या लग्नात दोघी जेवायला वेगवेगळ्या पंगतींना बसू लागल्या. गेल्या वर्षी बाईंनी ढब्बू पुन्हा सुरू केला तेव्हा संचालकांनी कारण विचारलं होतं. "माझी मर्जी," म्हणून बाईंनी पुढचा विषय घेतला होता.

"पाच... चार..." फ्लोअर मॅनेजरची बोटं मिटत गेली.

"ढब्बू, तू दात घासतोस का?" पहिल्याच फोनवर एका चिमुरड्यानं विचारलं.

"घासतो की! पण माझ्या मापाचा ब्रश कुठं मिळतो? मी आपला झाडू वापरतो."

स्टुडिओत खसखस पिकली. बाहुलीकारानं ढब्बूचा जबडा असा वासला की झाडू दिसलाच म्हणायचा. बाईंना जोर चढला.

"तू पाण्यात राहतोस, मग घोडा कसा?" दुसरीनं विचारलं.

"नुसता घोडा असतो तर शर्यतीत पळावं लागलं असतं. त्यापेक्षा पाण्यात डुंबलेलं बरं!"

गुडघ्यांना कळा लागल्या होत्या, बाहुलीकाराचं कोपर बरगडीत रुतत होतं, आणि बाई लहान पोरीसारख्या तोंड दाबून हसत होत्या. एवढ्यात कानातल्या यंत्रातून फ्लोअर मॅनेजर कुजबुजला, "मॅडम, एक आजी आहेत. मुलांचा कार्यक्रम आहे म्हटलं तरी ऐकत नाहीत."

"घे."

"काय रे ढब्बू," आवाज आला, "सर्दी झाली की काय तुला?"

बाई ताडकन ताठ झाल्या आणि डोकं टेबलावर आपटलं. वर ढब्बू दचकून उडाला.

"ना... नाही बुवा."

"मग नाकात का बोलतोस? काल तर बरा होतास. ढब्बूनं पोटातून बोलायचं असतं. 'घोळ' म्हण बघू."

"घोळ."

"ळ कच्चा. पहिल्यापासून कच्चाच."

वर धावपळ झाली. फोन तोडायला कोणीतरी धावलं. टेबलाखालून बाईंचा हात बाहेर आला आणि जोरजोरात हलला, नको, नको.

"आणि तुझी ती धाकटी बहीण कशी आहे?"

ढब्बूला बहीण नव्हती. कधीच नव्हती. तीन सेकंद गेले. थेट कार्यक्रमात तीन सेकंद म्हणजे युग. बाहुलीकारानं प्रसंग ओळखून ढब्बूला कान खाजवायला लावला.

"ती ना," शेवटी ढब्बू म्हणाला, "फार मोठी झालीय. सातव्या मजल्यावर बसते. परवा सुटणार आहे."

"सुटणार? तुरुंगात होती का?"

स्टुडिओत हशा फुटला. कॅमेरा हसण्यानं हलू लागला.

"नाही गं... म्हणजे, नाही हो आजी. तिचं काम संपलं."

"मग आता काय करणार?"

"ठरलं नाही अजून. तिला नुसता हात हलवता येतो. आवाज नाही तिच्यापाशी."

पलीकडे खुर्ची सरकल्यासारखं वाटलं.

"उद्या किती वाजता आहे कार्यक्रम?"

"साडेतीनला."

हे ढब्बूच्या आवाजात म्हणायचं राहूनच गेलं. घराघरांत तो पाणघोडा साठीच्या एका बाईच्या, जरा ओलसर आवाजात बोलला.

"म्हणजे मी तीनला येते. घसा मोकळा व्हायला वेळ लागतो आता." आणि फोन बंद झाला.

बाहुलीकारानं खिशातला रुमाल पुढे केला. बाईंनी तो घेतला, पण तोवर पुढचा फोन जोडला गेला होता.

"ढब्बू, तुला खरंच बहीण आहे?"

"आहे तर!" बाई म्हणाल्या, या वेळी अगदी पोटातून.

"लहान आहे ना? त्या आजी म्हणाल्या."

"छे," ढब्बू म्हणाला, "मोठी आहे."