रेषेवरचा पाय

"तुम्हाला यातून मिळतं काय?" हा प्रश्न मला पुढच्या वेळी जो विचारेल ना, त्याच्या हातात मी बोलिंगचा चेंडू देणार आहे आणि म्हणणार आहे, हा घेऊन मेट्रोत शिरून दाखव. तपासणीवाला दर वेळी पिशवी उघडायला लावतो, चेंडूची भोकं न्याहाळतो आणि विचारतो, "मॅडम, ये है क्या चीज?" सांगून सांगून माझी जीभ झिजली.

मी अलका. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते, मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे आणि आमच्या बोलिंग असोसिएशनची सेक्रेटरी आहे. बोलिंग म्हणजे क्रिकेटचं नव्हे, लांब लाकडी पट्टीवरून जड चेंडू घरंगळवून पिना पाडायचा खेळ. असोसिएशन म्हणजे काय, तर आम्ही मूठभर हौशी माणसं. पगार नाही, भत्ता नाही, कौतुक तर नाहीच नाही. तरी यंदा द्वारकेच्या एका मॉलमधल्या बोलिंग सेंटरमध्ये आम्ही मोठी स्पर्धा भरवली. निरनिराळ्या राज्यांचे संघ आले. त्यांना स्टेशनवरून आणा, त्यांची राहायची सोय बघा, कुणाला भात हवा, कुणाला नको. माझी साठवलेली रजा त्यात गेली. "लष्कराच्या भाकऱ्या भाजा तुम्ही," असं आमचे शांताराम म्हणतात आणि मी भाजलेली पोळी मात्र गरमच मागतात.

खेळाची सेवा वगैरे मी म्हणणार नाही. खरं कारण सांगते. मी ही स्पर्धा रागानं भरवली.

झालं काय, गेल्या वर्षी शेजारच्या राज्यात माझी राधा खेळत होती. राधा म्हणजे माझी मुलगी, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. या खेळात धावत यायचं आणि काळ्या रेषेच्या अलीकडूनच चेंडू सोडायचा. पाय रेषेला लागला, तर समोरच्या दहाही पिना आडव्या झाल्या तरी शून्य. राधानं दहाही पाडल्या आणि रेषेपाशी बसलेल्या बाईनं लाल झेंडी वर केली. भानुमती नाव तिचं. मी मागच्या खुर्च्यांतून बघत होते. पाय अलीकडेच होता, शपथेवर सांगते! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले आणि भर हॉलमध्ये ओरडले, "अंधी हो क्या? अपनी लड़की को जिताना है तो सीधे बोलो!" जिंकली त्यांचीच मुलगी. मग? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

बाहेर आल्या आल्या मी विनायकला सांगितलं, पुढच्या वर्षी आपण भरवायची. विनायक आमचा खजिनदार, उंच, धिप्पाड आणि स्वभावानं गाय. तो म्हणाला, "ताई, आ बैल मुझे मार कशाला?" मी म्हटलं, "प्रामाणिक स्पर्धा कशी असते ते दाखवायचंय यांना."

आणि दाखवायचं कुठे, तर या मॉलमध्ये! रेषेवर पाय पडला की वाजणारी घंटा प्रत्येक पट्टीवर असते. मॅनेजरनं तिची वायरच काढून ठेवलेली. का? तर वाढदिवसाला आलेली मुलं पट्टीवर नाचतात आणि घंटा सारखी वाजते. "आंटीजी, कस्टमर डिस्टर्ब होते हैं." म्हणजे नियम मोडणाऱ्याला त्रास नको म्हणून नियमच बंद! मी चांगलं फैलावर घेतलं त्याला. तो हसत म्हणाला, "चलता है, जी." हे 'चलता है' ऐकलं की माझं डोकंच फिरतं. शेवटी घंटेच्या जागी झेंडी घेऊन माणूस बसवायचं ठरलं, आणि ते काम विनायककडे दिलं.

भानुमतीही आली, तिच्या राज्याच्या मुलींची मॅनेजर म्हणून. मी चहा दिला, नमस्ते केलं. त्यापुढे एक शब्द बोलले नाही.

शेवटच्या दिवशी पहिल्या चौघींना राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं मिळणार होतं. तीन जागा पक्क्या झाल्या होत्या. चौथीसाठी राधा आणि भानुमतीची एक मुलगी अगदी खांद्याला खांदा लावून. ती मुलगी खेळून बसली होती, राधाचा फक्त शेवटचा चेंडू राहिला होता. दहाच्या दहा पाडल्या तरच शिबिर. या शिबिरासाठी पोरीनं वर्षभर मैत्रिणींच्या सहली सोडल्या, कॉलेजचं गॅदरिंग सोडलं, सकाळी उठून मनगटाचे व्यायाम केले.

नेमकं तेव्हाच मॅनेजरची माणसं फुगे आणि टेबलं घेऊन खेळाडूंच्या जागेत घुसली. कुणाच्या तरी बर्थडेची तयारी! यांना थोपवायला विनायकच हवा होता. त्यानं झेंडी माझ्या हातात कोंबली. "ताई, जरा बसा, यांना बघून येतो."

आपलं मूल खेळत असताना समोरच्या संघाला विचारल्याशिवाय त्या खुर्चीत बसता येत नाही. नियम मीच लिहिलाय. नाइलाजानं भानुमतीकडे गेले. ती म्हणाली, "आप ही बैठिए. मुझे आप पर भरोसा है." मला तो टोमणाच वाटला. दात-ओठ खात मी खुर्चीत बसले.

राधा आली. सुरेख धावली, हात सरळ मागून पुढे आला, चेंडू सुटला. आणि तिचा डावा पाय घसरत पुढे गेला. बुटाचं टोक रेषेवर. काळ्या रेषेवर पांढरा बूट, मला लख्ख दिसला. तिकडे दहाही पिना कोसळल्या आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. सगळे पिनांकडे बघत होते. पायाकडे बघणारी एकटी मीच.

डोळ्यांवर कातडं ओढलं असतं तर कुणाला कळणार होतं? खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं तसं. पण मग वर्षभर मी कोणत्या तोंडानं भांडत होते? मी झेंडी वर केली.

टाळ्या थांबल्या. राधानं माझ्याकडे पाहिलं, रेषेकडे पाहिलं आणि बाजूला झाली. चौथी जागा भानुमतीच्या मुलीला गेली.

मग जो तो माझ्यावरच तुटून पडला. शांताराम म्हणाले, "अगं, पोटची पोर ना तुझी? वैरीण आहेस की काय!" मॅनेजर फुगा हातात घेऊन आला, "घर की बच्ची थी, आंटीजी. इतना तो चलता है." मी म्हटलं, "नहीं चलता! बिल्कुल नहीं चलता!" आणि जाऊन राधाजवळ बसले. ती बूट बदलत होती.

"भांड ना माझ्याशी," मी म्हणाले. "ओरड. गप्प का बसलीस?"

"काय भांडू, आई? फाउल होता." तिनं नाडी सोडली, परत बांधली. "तिकडेही होता."

"तिकडे कुठे?"

"लास्ट इयर. पाय लाइनवर पडला होता माझा. मला कळलं होतं, यार."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू इतकी लढत होतीस माझ्यासाठी. सगळ्यांसमोर. मी कशी बोलणार? मग तू ही टूर्नामेंटच घेतलीस." ती रडायला लागली. "रोज वाटायचं, आज सांगू."

वर्षभराचा सगळा संताप हातात तसाच राहिला आणि द्यायला कुणी उरलं नाही. राधाला फाडकन बोलावंसं वाटलं, तेही जमेना. दाराशी भानुमती आपल्या मुलींच्या पिशव्या उचलत होती. तिला सगळं ठाऊक होतं. तरी ती आली, माझा चहा प्यायली, आणि भरोसा आहे म्हणाली. तो टोमणा नव्हताच.

मी तिच्याकडे निघाले आणि मध्येच थांबले. कानात सांगून कसं चालेल? ओरडले तर भर हॉलमध्ये होते. मी वळले आणि खेळाडूंची नावं पुकारायचा माईक उचलला. राधा डोळे पुसत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"भानुमतीजी, एक मिनट रुकिए," मी म्हणाले. सगळा हॉल वळला. "पिछले साल आपकी झंडी सही थी. अंधी मैं थी."