तार जोडणारा हात

गेम कंपनीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. आता त्या कंपनीतली अश्विनी नावाची मुलगी पुण्याहून फोनवर विचारत होती, "काका, पत्र मिळालं ना? महिनाअखेरपर्यंत संमती आली नाही, तर आम्हाला दुसऱ्या कुणाचं तरी रेकॉर्डिंग करावं लागेल."

"मिळालंय. टाकतोच," मी म्हणालो आणि फोन ठेवला. 

पत्र वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात होतं. माझ्या मुलाची, अक्षयची, सही त्यावर कधीच झाली होती. पेटीत टाकायचं काम तेवढं माझ्याकडे. लिंबायतमधल्या कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात मी मेहताजी, म्हणजे कारकून होतो. शेठची पत्रं लिहिण्यात जन्म गेला. घरच्या पत्राला मात्र हात धजत नव्हता.

अक्षय त्याच कारखान्यात कारागीर होता. रविवारी टेनिस बॉलच्या टुर्नामेंटमध्ये बोलिंग टाकायचा. या कंपनीने क्रिकेटचा गेम काढला, तेव्हा जाहिरातीसाठी एका नामांकित बोलरला घेतलं. चेहरा त्याचा मिळाला. पण दिवसभर पळून दाखवायला त्याला सवड कुठली? कुणीतरी अक्षयचा व्हिडिओ पाहिला. ॲक्शन जवळजवळ तशीच. त्याला पुण्याला नेलं, अंगाला घट्ट बसणारे काळे कपडे घातले, त्यांवर हालचाली टिपण्यासाठी पांढऱ्या गोळ्या चिकटवल्या आणि संध्याकाळपर्यंत बोलिंग टाकायला लावली.

गेमची जाहिरात टीव्हीवर आली, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांत आधी माझी बायको, मंगलाबाई, ओरडली होती.

"हाऊ तं आपला अक्षयना हात शे!"

पडद्यावर गेममधला तो नामांकित बोलर. पळण्याआधी त्याने तळहात पँटला पुसला आणि रिकाम्या हवेत अंगठा तर्जनीवरून फिरवला. लूमवर तुटलेला तार, म्हणजे सुताचा धागा, जोडताना फिरवतात तसा. मंगलाबाई बॉबिन भरायला जायची, तेव्हा लहानगा अक्षय तिच्याजवळ बसून ही गाठ शिकला. पुढे प्रत्येक बॉलआधी त्याची बोटं आपोआप तशी वळायची. रेकॉर्डिंगच्या वेळीही ती तशीच वळली, आणि कंपनीला ते काय आहे हे ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी सिमेंटच्या पीचवर अक्षयचा गुडघा गेला. लूमपाशी उभं राहणं संपलं. तो रिक्षा चालवू लागला. इकडे त्या बोलरने गेममधली ती लकब उचलली. उधन्याच्या रस्त्यावर त्याचं मोठं होर्डिंग लागलं आहे, त्यात तो अंगठा आणि तर्जनी उंच धरून हसतो. खाली लिहिलंय, चॅम्पियनची खूण.

नव्या गेममध्ये तेच रेकॉर्डिंग वापरायला कंपनी संमती मागत होती. नाव कुठेही येणार नाही, असं पत्रात स्पष्ट होतं.

मला एकच ओळ जोडायची होती: नाव द्या. पण लिहायला बसलो की भीती वाटे. म्हातारा शहाणपणा करतोय म्हणतील. दुसरा पोरगा घेतील, जुनं रेकॉर्डिंग काढून टाकतील. आणि अक्षय आता पळतो तो त्या गेममध्येच, दुसऱ्याच्या चेहऱ्याखाली का होईना. माझ्या एका ओळीने तेही थांबलं तर?

त्या दुपारी अक्षय जेवायला आला तो हसतच.

"नाना, आज रिक्षात डिंडोलीची दोन कॉलेजची पोरं बसली होती. मी रिक्षा चालू करताना बोटं फिरवली असतील. एक म्हणतो, काका, तुम भी उसकी कॉपी मारते हो?"

"मंग तू काय सांगं?" मंगलाबाईने विचारलं.

"म्हटलं, हां भाई, फॅन है."

"फॅन?" तिने भाकरी ताटात जवळजवळ आपटली. "ती गाठ तुले मी शिकाडेल शे!"

"त्यांना काय सांगू, माय? हसले असते." मग माझ्याकडे वळून, "पत्र टाकलं का?"

"टाकतो."

"टाका ना नाना. तुम्ही तर सुप्रीम कोर्टात चालल्यासारखे बसलात."

जेवून तो खाली गेला. मी खिडकीत उभा होतो. रिक्षात बसून त्याने तळहात पँटला पुसला. अंगठा तर्जनीकडे निघाला. त्याने चोरट्या नजरेने आजूबाजूला पाहिलं, मूठ मिटली आणि तशीच हँडलवर ठेवली.

मी पुस्तक उघडलं, कोरा कागद घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याच्याच रिक्षातून पोस्टात गेलो. बाहेर त्याला कागद दिला. "आधी वाच. तुझं आहे ते."

मी लिहिलं होतं: संमती आहे, पण पळणं, बोलिंग आणि बोटांची ती लकब अक्षय श्रीरंग महाले याची आहे, असं गेममध्ये लिहिणार असाल तरच.

त्याने दोनदा वाचलं. "नाही म्हणाले तर?"

"तर नाही."

"माझं रनिंग जाईल, नाना."

"जाईल," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "तू म्हणशील तर फाडतो. नुसती सही पाठवू."

त्याने कागद तिसऱ्यांदा वाचला. मग कागद परत देत म्हणाला, "मायचं नाव राहिलं. गाठ तिची आहे ना?"

रिक्षाच्या सीटवर कागद ठेवून मी ते लिहिलं. अक्षर वाकडं आलं. आत गेलो, स्पीड पोस्ट केलं. खिडकीतल्या बाईने लिफाफा मागच्या ढिगावर टाकला. आता तो परत मागता येणार नव्हता.

बाहेर येऊन रिक्षात बसलो. शेजारी दुसरा रिक्षावाला पान चघळत आमच्याकडे पाहत होता. अक्षयने तळहात पँटला पुसला, अंगठा तर्जनीवरून सावकाश, पूर्ण फिरवला, आणि रिक्षा चालू केली.