बुडालेल्या नगरीची साक्ष

धनजच्या शिवारात सर्वांत मोठी जमीन जगदेवरावांची, आणि सर्वांत मोठे पापही आपलेच, अशी त्यांची पक्की समजूत होती. समुद्राने गिळलेल्या एका प्राचीन नगरीचे आपण राजपुरोहित होतो. तिचा तट ज्या दासांनी रक्त ओकून उभारला, तेच दास पलीकडच्या तांड्यात पुन्हा जन्मले आहेत. त्यांचे ऋण फेडल्यावाचून आपली सुटका नाही, हे त्यांना एका ध्यानशिबिरात उमगले होते. तेव्हापासून दर गुरुवारी ते बैठकीत बसत. तांड्यातल्या माणसाने समोर येऊन पूर्वजन्मीचा छळ सांगावा, जगदेवरावांनी रडावे आणि रस्त्याकडेला घरापुरती जागा द्यावी, असा तो परिपाठ. जागेचे कागद मात्र सर्वांचे दिवाळीनंतर एकदमच व्हायचे होते.

तांड्याला ही विद्या लवकर साधली. अमरसिंगाने चाबकाचे फटके सांगितले, आणि त्याच्या घरावर पत्रेही चढले.

त्याच तांड्यातल्या रुपाबाईची गायरानावरची झोपडी उन्हाळ्यात उठवली गेली होती. आता ऊसतोडीची गाडी निघायची होती. घर झाले तर म्हातारी सासू आणि लेक निता मागे राहतील, पोरीची शाळा सुटणार नाही, एवढ्यासाठी ती निताला घेऊन आली होती. फटके, तहान, उपास हे सारे इतरांनी सांगून संपवले होते. म्हणून तिने नवे रचले.

“मालक, तटाची भित टिकत नोती. तुमी माही लेक मांगतली. जित्ती चिनली भितीत.”

बैठकीत बसलेल्या तांड्यातल्या माणसांनी माना वर केल्या. जगदेवराव गादीवरून उतरले आणि त्यांनी रुपाबाईच्या भेगाळलेल्या पायांवर डोके ठेवले. जागा मिळाली, हे तिने ओळखले.

“जागा तं तुही झालीच,” डोळे पुसत ते म्हणाले, “पण लेकीचं ऋण मातीनं फिटत नाही. लेक घेतली, तं लेकच वाढवा लागते. तुही निता आजपासून माह्या घरी राहीन. साधना, पोरीले आत ने.”

त्यांच्या पत्नी साधनाबाईंनी दारातल्या निताला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “बरं झालं. दुर्गाबाई काम सोडून गेली तवापासून भांडे पडूनच राह्यले.”

“वाढवाले आणली हाय तिले!”

“मंग वाढन की. भांडे घासता घासता वाढन.”

रुपाबाईने जगदेवरावांचे पाय धरले. “मालक, असं नोका करू. म्या मनानंच सांगतलं ते. मले काहीच आठवत नाही. खोटं हाय सारं.”

जगदेवरावांचा चेहरा दगडासारखा झाला. “खोटं? मंग बाकीच्यायनं सांगतलं, ते काय हाय?”

त्यांची नजर बैठकीवरून फिरली. ज्याच्यावर ती पडे, तो मान खाली घाली. अखेर अमरसिंग उठला आणि त्याने हात जोडले.

“मालक, बाई घाबरली. खरंच हाय ते. त्या भितीचा गारा म्याच कालवला होता. पोरगीच होती.”

“अमरसिंगभाऊ,” रुपाबाईचा आवाज चिरकला, “तुह्या खांद्यावर खेळली रे निता!”

अमरसिंगाने तिच्याकडे पाहिले नाही. “तवाबी माह्याच खांद्यावर खेळे,” तो म्हणाला.

मागून आणखी कोणी ‘हो हो’ म्हणाले. मग सगळेच म्हणाले. निताने आईकडे धाव घेतली, पण साधनाबाईंनी तिचे मनगट पकडले आणि तिला आत नेले. जगदेवरावांचे डोळे पुन्हा भरून आले. त्यांनी रुपाबाईच्या मस्तकावर हात ठेवला.

“रडू नोको. तुलेही आठवन हळूहळू.”