जिचं तिलाच दिसेल

जाहिरातवाल्यांचा मेल आला तेव्हा वहिनी हातातलं धुणं तसंच टाकून टेबलाशी आली. मेल कसला, धमकीच होती ती, फक्त गोड भाषेतली. तुमच्या संकेतस्थळावर प्रौढ मजकूर आढळला आहे. सदस्यांनी लिहिलेल्या मजकुराची जबाबदारीही तुमचीच. तो हटवेपर्यंत सगळ्या पानांवरच्या जाहिराती बंद. कुठलं पान, कुठली ओळ, काही म्हणजे काही सांगितलेलं नव्हतं. खाली कुणा माणसाची सहीसुद्धा नव्हती.

"भावजी, इकडे या आधी! काय लिहिलंय बघा मेल्यांनी!"

वहिनीचा कट्टा होता बाळंतिणींचा. तिच्या पहिल्या बाळंतपणात तिला धीर द्यायला कुणी नव्हतं, म्हणून पुढे तिनं तो इंटरनेटवर सुरू केला. दूध येत नाही, टाके दुखतात, नवरा जवळ आला की अंगावर काटा येतो, असलं सगळं बायका तिथं मोकळेपणानं लिहायच्या. शिस्त एकच. कुणी कुणाचं खरं नाव विचारायचं नाही, गाव नाही, फोन नाही. टोपणनावानं यायचं आणि मन हलकं करून जायचं. या शिस्तीचा वहिनीला भारी अभिमान. संगणकाची सगळी बाजू तिचा धाकटा दीर सांभाळायचा. पोरगा सोन्यासारखा, पण बायकांचं काही निघालं की कान लाल करून उठून जाणारा.

भावजींनी मेल वाचला आणि घसा खाकरला. "त्यांचं यंत्र शब्द बघतं, वहिनी. छाती, रक्त, अंगावर... म्हणजे, ते तसलं. त्याला काय कळतंय बाळंतीण म्हणजे काय?"

"मग सांगा की त्यांना!"

"कुणाला सांगू? पलीकडे माणूसच नाही. आणि जाहिराती गेल्या की सर्व्हर गेला. सर्व्हर गेला की कट्टा बंद."

असले शब्द आले की ते लिखाण आपोआप पुसलं जाईल अशी सोय करू, असं भावजींनी सुचवलं. वहिनी उसळलीच. "खबरदार! रडत आलेल्या बाईच्या तोंडावर दार आपटायचं? तुझं लिहिणं घाणेरडं आहे म्हणून सांगायचं तिला?" मग थोडा वेळ नखं कुरतडत बसली आणि तिनंच युक्ती काढली. "असं नाही का करता येणार, की लिहिलेलं तिचं तिला दिसेल, बाकी कुणाला नाही? तिला वाईट वाटायला नको. आपण मागाहून वाचू आणि साधं असेल ते सोडून देऊ."

"येईल की," भावजी म्हणाले. "एकदा असला शब्द आला की त्या बाईचं ते आणि पुढचं सगळं, आपण सोडेपर्यंत, एका मागच्या खोलीत जमा होईल. जिचं तिलाच दिसेल."

वहिनी स्वतःच्या डोक्यावर खूश झाली. तिच्या मनात चांगलंच होतं हो, त्याबद्दल कुणी बोटसुद्धा दाखवू नये. पण चांगल्या मनानं केलेल्या गोष्टीकडे माणूस पुन्हा वळून बघत नाही, तिथंच सगळा घोळ होतो.

जाहिराती परत आल्या. गुबगुबीत बाळं, दात दाखवणाऱ्या आया, आपोआप झुलणारे पाळणे. कट्टा कसा लख्ख झाला. बाबागाडी कुठली घ्यावी, दुपटी कशात धुवावीत, बाळाचं नाव काय ठेवावं. वहिनीला आधी हायसं वाटलं. मग हळूहळू तिला करमेना. काय बिघडलंय ते तिला सांगता येईना, आणि एके दिवशी कणीक मळताना एकदम लक्षात आलं. कट्ट्यावर कुणी रडतच नव्हतं. इतक्या बाळंतिणी, आणि सगळ्या सुखात?

त्याच दुपारी कुणीतरी लिहिलं, "अगं, मधली कुठं गेली?"

मधली म्हणजे कट्ट्यावरची सगळ्यांची लाडकी. तीन बहिणींतली मधली, म्हणून तिनं स्वतःच घेतलेलं टोपणनाव. कुणाचंही काही दुखलंखुपलं की ती पहिली हजर, आणि कुठलाही सल्ला द्यायच्या आधी तिचा प्रश्न ठरलेला, "तू जेवलीस का गं?" आता ती स्वतःच बाळंत झाली होती. बाळात गुंतली असेल, असं वहिनीनं धरलं होतं. पण मधलीच्या नावापुढचा हिरवा दिवा तर रोज लागलेला असायचा. ती यायची, बसायची आणि बोलायची नाही.

भावजी चहा पीत बसले होते. "काय हो, मागच्या खोलीत काही आलंय का? बघताय ना तुम्ही?"

भावजींचा कप ओठांशीच थांबला. "मी? बायकांचं खाजगी मी कसं वाचणार, वहिनी? मला वाटलं तुम्ही वाचताय."

"मी? अहो, ती खोली उघडायची कुठून हेसुद्धा मला माहीत नाही!"

मग भावजींनी कप खाली ठेवला, खोली उघडून दिली आणि पाठ फिरवून उभे राहिले.

आत खच पडला होता. किती बायका, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपलं सगळ्यांनी वाचलंय. वहिनीनं फक्त मधलीचं तेवढं शोधलं.

आधी तिनं हसत हसतच लिहिलं होतं. "बायांनो, आता माझी पाळी! छाती दगडासारखी झालीय, ताप आहे. काय करू?" मग, "कुणी सांगता का गं?" मग, "बाळ रडलं की मला त्याचा राग येतो. असं होतं का कुणाला?" त्यानंतर हसणं नव्हतं. "सगळ्या आहात. तुमचे दिवे दिसतात मला. माझं वाचून गप्प बसता. म्हणजे मी वाईटच आहे. घरी हेच म्हणतात, पण तुम्ही तरी तसं म्हणणार नाही असं वाटलं होतं."

शेवटचं नुकतंच लिहिलेलं होतं. "बाळाला शेजारी देऊन आलेय. दार आतून लावलंय. एकदाच विचारते. कुणी आहे का?"

बाजूच्या जाहिरातीत पाळणा झुलत होता.

"देवा!" वहिनीच्या तोंडून निघालं. मधलीचा दिवा अजून हिरवा होता. तिनं खाली लिहिलं, "मी आहे, राणी. वहिनी आहे. छाती भरली की ताप येतो, डोकं फिरल्यासारखं होतं, ते सगळं बरं होतं गं. तू वाईट नाहीस. आधी दार उघड. मला उत्तर दे." पाठवलं. अक्षरं पानावर उमटली. वहिनीनं श्वास सोडला आणि दिव्याकडे डोळे लावून बसली.

उत्तर येईना. आता लिहील, मग लिहील. लिहीत असेल, बिचारीला काय लिहावं ते सुचत नसेल.

दिवा विझला.

"वहिनी," मागून भावजी म्हणाले. त्यांच्या हातात त्यांचा फोन होता, त्यात कट्टा उघडलेला. "तुम्ही लिहिलंत कुठं?"

"हे काय, समोर आहे की!"

"मला दिसत नाहीये." त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "त्यात छाती आहे, वहिनी. नियम सगळ्यांना लावला होता मी. तुम्हालासुद्धा."

वहिनी स्वतःच्या शब्दांकडे बघत राहिली. ते पानावर ठसठशीत होते. मधलीला ते दिसले नव्हते. तिला दिसला होता तो फक्त वहिनीचा दिवा, हिरवागार, आणि पुढे काहीच नाही.

भावजींनी घाईघाईनं नियम उपटून काढला. मागच्या खोलीतलं सगळं भसकन पुढं आलं आणि बायका हातातली कामं टाकून धावल्या. "मधले, अगं मला दिसलंच नव्हतं गं!" "मलाही असंच झालं होतं, बोल ना!" "तू जेवलीस का?" पान भराभर वाढत चाललं. दिवा काही लागेना.

तोवर भावजींनी पोलिसांना फोन लावला होता. जमेल तसं सगळं सांगून झालं, आणि मग त्यांनी फोन कानापासून बाजूला धरला.

"वहिनी, लगेच माणसं पाठवतो म्हणतात. तिचं नाव विचारताहेत. पत्ता विचारताहेत."

वहिनीनं तोंड उघडलं.

"मधली," ती म्हणाली. "मधली म्हणतो आम्ही तिला."