चार चाकं, चार लिंबं

आयुधपूजेला, म्हणजे गाड्या-अवजारांच्या पूजेच्या दिवशी, सकाळी सहालाच मी गाडीच्या चारी चाकांखाली लिंबं ठेवून टाकली. इंजिन अजून सुरू झालेलं नव्हतं, पण आज होणार याची मला खात्री होती. समोरच्या घरातला नागोजी दात घासत फाटकाशी आला आणि हसायला लागला.

"काय प्रतापराव, मांडव घालून मग नवरी शोधताय?"

"दहाला अभिमन्यू येतोय. त्याच्या आत धूर काढून दाखवतो बघ."

अभिमन्यू माझा मुलगा, शहराच्या दुसऱ्या टोकाला महादेवपुऱ्यात राहतो. माझी बायको सगुणा गेल्यापासून, म्हणजे तेरा महिने, ही सात माणसांची डिझेल गाडी बनशंकरीच्या आमच्या घरापुढे उभीच होती. सगुणा लग्नघरी पुरणपोळ्या पुरवायची. पातेली, डबे, मदतीच्या दोन बायका, सगळं भरून गाडी तीच चालवायची. मी डावीकडे बसायचो. लायसन्स माझ्याकडेही होतं, नुसतं खिशात. ती गेल्यावर एका मेकॅनिकने चावी फिरवून पाहिली आणि पंप गेला म्हणून सांगितलं. अभिमन्यूने भंगारवाला ठरवला. मी अडून बसलो, तेव्हा तो म्हणाला, "सरी अप्पा, ठीक आहे. आयुधपूजेला गाडी स्वतःच्या जोरावर लिंबं चिरडून पुढे गेली तर ठेवा. नाही तर दुसऱ्या दिवशी तो येऊन नेईल."

मागच्या वर्षी दुखवटा होता म्हणून पूजा केली नव्हती. या वर्षी करायचीच होती.

जन्मभर मी कचेरीत टायपिंग केलं. पाना कुणीकडे फिरवला की बोल्ट सुटतो हेही ठाऊक नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून तीन आठवडे राबलो. ऑइल बदललं, त्यातलं निम्मं अंगणात सांडलं. एअर फिल्टरमधून उंदराचं घर निघालं, त्यात सगुणाच्या पोळ्यांच्या फडक्याची चिंधी होती. ती धुऊन ठेवली. डिझेल फिल्टर नवा घातला, त्याच्यावरचा छोटा हातपंप दाबून दाबून आतली हवा काढली. नवी बॅटरी घातली. प्रत्येक रात्री हात घासून धुताना मला उद्याची घाई असायची. तेरा महिन्यांत तशी घाई कशाचीच झाली नव्हती.

नऊला नागोजी पूजेचा पांढरा शर्ट घालून आला. तो तीस वर्षं सिटी बसचा ड्रायव्हर होता. त्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं, एका नळीचा नट सैल केला आणि ओरडला, "मारा!"

मी चावी फिरवली. इंजिन घरघरलं, सुरू झालं नाही.

"नळी कोरडी! पंपापर्यंत डिझेल येतंय, पुढे जातच नाही. परत मारा!"

पुन्हा तेच. चौथ्या वेळेला घरघर जड झाली. दिवे मंदावले.

"बॅटरी उतरली अण्णा. अजून एकदा, फार तर दोनदा. मग देवच."

साडेनऊ झाले होते. मी घामाने चिंब झालो होतो. सीट सगुणाच्या मापाने पुढे ओढलेली होती, ती मी मागे सरकवली नव्हती. माझे गुडघे स्टीअरिंगला टेकत होते.

"अहो, वहिनी सुरू करण्याआधी नमस्कार करायच्या ना?" नागोजी म्हणाला. "तुम्ही केलात का?"

केला नव्हता! ती रोज चावी लावली की, आणि उतरतानाही, खाली वाकायची, उजवा हात स्टीअरिंगखाली नेऊन मग कपाळाला लावायची. अठरा वर्षं मी शेजारी बसून ते पाहिलं होतं. मी तसाच वाकलो. हात खाली घातला. बोटाला काहीतरी लागलं.

छोटं बटण. पोळ्यांचे डबे बांधायची तिची हिरवी चिकटपट्टी त्यावर गुंडाळलेली. मी दाबलं. इंजिनातून आवाज आला, टक्!

चोराला गाडी नेता येऊ नये म्हणून तिने डिझेल बंद करायचं बटण लावून घेतलं होतं! आणि मला सांगितलं नव्हतं. बरोबरच होतं. तुमच्या पोटात काही राहत नाही, असं ती नेहमी म्हणायची.

"मारतो रे!" मी ओरडलो.

सैल नटातून डिझेलची चिळकांडी उडाली ती थेट नागोजीच्या पांढऱ्या शर्टावर. "अय्यो! आलं! आलं!" शिव्या देत, हसत त्याने नट आवळला. मी पुन्हा चावी फिरवली. खाड्, खाड्, आणि काळा धूर! सगळी गाडी थरथरली.

"काय केलंत हो?"

"नमस्कार केला."

अभिमन्यू गल्लीत वळला तेव्हा इंजिन चालूच होतं. तो रस्त्यातच थांबला. मी गिअर टाकला. फट्, फट्. पुढची दोन गेली. मग मागची दोन. नागोजीने टाळ्या वाजवल्या. अभिमन्यूने डोळे पुसले आणि तिथेच उभं राहून भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

"अप्पा, मी एक फेरी मारू?"

"मार की." मी इंजिन बंद केलं आणि उतरताना तिच्यासारखाच वाकून, हात स्टीअरिंगखाली नेऊन कपाळाला लावला.

तो बसला. चावी फिरवली. घरघर, घरघर.

"काय झालं हिला?"

"तुझ्या आईची गाडी आहे बाबा," मी म्हणालो. "आधी नमस्कार कर. नीट वाकून."