बॉयलरमामांचं वाक्य

मित्रांनो, माझ्या डाव्या अंगाचा रंग पोपडे धरून निघाला आहे, त्याकडे पाहून नाक मुरडू नका. मी एक जुना फळा आहे आणि हा डाग मला वाफेने दिला आहे.

माझा जन्म एका मोठ्या लाँड्रीत झाला. धुलाईयंत्र ज्या खोक्यातून आले, त्याच्याच फळ्या सुताराने जोडल्या, रंधा मारला आणि वरून काळ्या रंगाचे दोन हात दिले. पहिली काही वर्षे कोण कुठल्या पाळीला, एवढेच माझ्यावर लिहिले जाई. ते वाचून लोक कपाळाला आठ्या घालत. माझ्याकडे प्रेमाने असे कोणी पाहिलेच नाही म्हणा ना.

मग मालकांनी परदेशी कंपनीचे काम धरायचे ठरवले. त्या कंपनीची माणसे पाहणीला येणार, कामगारांना इंग्रजीत प्रश्न विचारणार, म्हणून पाळी सुटल्यावर आठवड्यातून दोनदा इस्त्रीच्या दालनात इंग्रजीचा वर्ग सुरू झाला. मला त्याच दालनात, बॉयलरखोलीला लागून असलेल्या भिंतीवर टांगले. शिकवायला एक बाई येऊ लागल्या. एरवी अगदी मऊ स्वभावाच्या, पण चुकीच्या बाबतीत सख्ख्या भावालाही न सोडणाऱ्या. त्यांची एक रीत होती. प्रत्येकाने येऊन माझ्यावर स्वतःचे एक वाक्य लिहायचे. जे बिनचूक, त्याभोवती बाई लाल खडूने चौकट काढत, कोपऱ्यात चांदणी काढत. ते वाक्य पुढच्या वर्गापर्यंत कोणी पुसायचे नाही. त्या चौकटीसाठी चाळिशी उलटलेली माणसे हमरीतुमरीवर येत, आणि मला आपला भारी अभिमान वाटे.

बॉयलर सांभाळणारे मामा मात्र मागे गप्प बसत. सगळे त्यांना बॉयलरमामाच म्हणत. त्यांचे दुखणे मला ठाऊक होते, कारण भिंतीपलीकडचे सगळे मला ऐकू येई. वाफ फार झाली की ती बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह चिकटून बसू लागला होता. एका सोमवारी मामांनी नवा व्हॉल्व्ह हातात घेऊन बॉयलर थंड करायला घेतला, तोच सुपरवायझर धावत आला.

"मामा, हॉटेलच्या चादरी पडल्यात सगळ्या! पेटवा आधी. मोठ्या सुट्टीत बदलू. तोवर टिकेल तो."

"टिकेल असं वाटत नाही मला."

"तुम्हाला कधी काय बरं वाटलंय?"

मामांनी तीनदा सांगितले. तिन्ही वेळा त्यांचे बोलणे म्हातारपणची कटकट ठरले.

त्याच सुमारास बाईंनी नवा धडा घेतला. आधी मनात होते पण झाले नाही, त्याला 'वॉज गोइंग टू'. पुढे काय होईल हे कोणी आधीच सांगून ठेवले, त्याला 'वुड'. घड्या घालणारीने लिहिले, मी बारीक होणार होते. इस्त्रीच्या रोलरवर चादरी लावणारीने लिहिले, नवरा म्हणाला होता की भांडी तो घासेल. दालन हसून हसून लोटपोट झाले. मग मामा उठले.

"बाई, 'टिकेल' असं ते म्हणाले, हे कसं लिहायचं?"

"तेव्हा म्हणाले ना? मग 'वुड'."

"पण टिकलं की नाही, ते कळतं का त्यातून?"

"नाही मामा. ते पुढच्या वाक्यात सांगायचं."

मामांनी सावकाश लिहिले. मी सोमवारी व्हॉल्व्ह बदलणार होतो. ते म्हणाले, तो टिकेल. सगळे इंग्रजीत. बाईंनी एक अक्षरही न बदलता लाल चौकट काढली, चांदणी काढली. टाळ्या पडल्या. मामांनी त्या टाळ्यांकडे लक्षही दिले नाही. जाताना ते घड्या घालणारीला म्हणाले, "आपल्या भाषेत सांगून बघितलं. आता साहेबांच्या भाषेत लिहिलंय. वाचतील."

साहेबांनी वाचले हो! दुसऱ्या दिवशी मॅनेजर आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वा मामा! 'वुड' कुठे वापरायचं ते माझ्या मुलालाही येत नाही." मामा 'व्हॉल्व्ह' या शब्दावर बोट ठेवेपर्यंत मॅनेजर पुढे गेले.

गुरुवारी सकाळी वाफेच्या दाबाचा काटा चढला तो उतरेना. मामांनी ओरडून इस्त्रीवाल्या सगळ्या बायकांना बाहेर काढले आणि जाळ बंद करायला ते परत आत गेले. बॉयलर फुटला आणि भिंत माझ्यासकट कोसळली. मामा वाचले नाहीत.

मी चादरींच्या ढिगावर पालथा पडलो होतो. सुपरवायझरने मला उलटे केले. माझे डावे अंग भाजले होते, पण उजवीकडची चौकट तशीच होती. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि ओल्या टॉवेलने मला पुसून काढले. चौकशीला अधिकारी आले तेव्हा मॅनेजर म्हणाले, "आमच्या कानावर कोणी काही घातलंच नव्हतं."

अपघाताचे कळताच आलेल्या बाई पुढे झाल्या. त्यांनी खडू घेतला आणि मामांची दोन्ही वाक्ये माझ्यावर जशीच्या तशी लिहिली.

"हे त्यांनी लिहिलं होतं."

अधिकारी वाईट नव्हता. तो हळूच म्हणाला, "अक्षर तुमचं आहे, बाई."

"हो," बाई म्हणाल्या. "त्यांचं होतं, तेव्हा मी नुसतं तपासलं."

भंगारात निघालेल्या मला बाईंनी घरी नेले. त्या अजून शिकवतात, पण चौकट काढत नाहीत. कोणी वाक्य लिहिले की आधी विचारतात, "हे खरं आहे का?" उत्तर मिळेपर्यंत खडूला हात लावत नाहीत.

मित्रांनो, मीही त्या टाळ्यांत फुशारलो होतो, आणि त्याची लाज मला या डागाहून जास्त वाटते. मला नवा रंग दिला नाहीत तरी चालेल. पण कोणी तुमच्यासमोर धडपडत चार शब्द मांडले, तर ते शुद्ध की अशुद्ध हे मागाहून ठरवा. आधी उठा, भिंतीपलीकडे जा आणि तो व्हॉल्व्ह बघा.