एका डोळ्याचा शुक्र

मी एक जुना शुक्र आहे. दचकू नका मित्रांनो; आकाशातला नव्हे, बदलापुरातला. कागदाच्या लगद्याचा. कात्रपच्या एका शाळेतल्या कपाटात असतो.

समोरची बाजू

१९८२ साली विज्ञानाच्या द्रौपदीबाईंनी मला घडवायला दिलं, ते हेंद्रेपाड्यातल्या हिंदुरावांच्या गणपतीच्या कारखान्यात. शुक्रावर कायम ढग, दुर्बिणीला जमीन दिसत नाही. म्हणून पृथ्वीवरून रडारच्या लहरी सोडतात. त्या ढगांतून आरपार जातात, जमिनीवर आपटून परत येतात, आणि त्यांवरून नकाशा होतो. पण शुक्र जवळ आला की दर वेळी जवळपास तीच बाजू आपल्याकडे असते. बाईंनी नमुन्याला दिलेल्या रडारच्या चित्रात तेवढीच होती.

"मागे कोरं ठेवा," बाई म्हणाल्या.

हिंदुरावांनी समोर डोंगर उठवले. बोटांनी, मायेने. उल्हासनगरच्या विज्ञान प्रदर्शनात माझी निवड झाली तर शाळेच्या मुली जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जाणार होत्या.

मागची बाजू

(वळवा मला. हळू.)

प्रदर्शनात हिंदुरावांनी मला फडक्यात गुंडाळून थेट आणलं. परीक्षकांपुढे बाईंनी फडकं काढलं, मला फिरवलं आणि

डोळा!

केवढा तरी. पापण्यांसकट.

मी हादरलो. बाईंचा हात हवेतच राहिला.

"बाई, हे विज्ञान की राशिभविष्य?" परीक्षक हसले.

इस्त्रीच्या सदऱ्यातले हिंदुराव कौतुकाने पुढे झाले. "डोळा काढल्याबिगर मूर्त आमच्या कारखान्यातनं भायेर जात नाय, बाय. आन् शुक्राचार्याला डोळा एकच ना? म्हनून एकच काढला."

"सजावट म्हणून चालवून घेईन. पुसून टाका हवं तर," परीक्षक म्हणाले. "पण मग मागे काहीच नाही. अर्धवट गोल कसा निवडू?"

बाईंनी पदराचं टोक ओलं केलं. "जे आमच्या चित्रात नाही, ते आम्ही दाखवणार नाही, साहेब."

"बाय! डोळा पुसतंय का कुनी?"

पुसला.

मुली जिल्ह्याला गेल्या नाहीत. मी कपाटात गेलो.

पुन्हा मागची बाजू

नव्वदनंतर एक यान शुक्राभोवती फिरलं. रडारने जवळजवळ सगळी जमीन दिसली. पेपरात चित्र आलं. ते कापून हिंदुराव शाळेच्या फाटकाशी आले, हातात लगद्याचा डबा. "आता दिसलं ना? आता भरतो."

बाईंची बदली झाली होती. शिपायाने हिंदुरावांना तिथूनच परत पाठवलं.

मित्रांनो, तेव्हा माझी पाठ कोरी ठेवणं खरेपणा होता. आज ती निव्वळ हेळसांड आहे. कपाट उघडा. हेंद्रेपाड्यात कुणाला तरी पाठवा. हिंदुराव थकलेत, पण बोटं अजून तशीच आहेत.